प्याद्याला नाव मिळालं त्याची गोष्ट

मंडळी, दिवाळी अंकात व्हिडिओ गेमवर लेख म्हटल्यावर निम्म्या वाचकांनी पान उलटलं असेल. उरलेल्यांना वाटलं असेल की आता मुलांना स्क्रीनपासून लांब कसं ठेवावं यावर चार हिताच्या गोष्टी वाचायला मिळणार. तसं काही नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पुण्यात एम.ए. केलं, इकडे आल्यावर पुढे बरीच वर्षं लायब्ररीत नोकरी केली, आणि कुठलीही गोष्ट 'आली कुठून' हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्या खेळांबद्दल लिहिते आहे त्यांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच सेंट पॉलमधल्या एका घराच्या बेसमेंटमधून जातो, हे आपल्या मंडळात किती जणांना माहीत आहे?

या खेळांचं इंग्रजी नाव एखाद्या रेल्वे स्टेशनच्या पाटीसारखं लांबलचक आहे: टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी रोल-प्लेइंग गेम. मराठीत सांगायचं तर पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा पट. पडद्यावर चौकोनी घरं आखलेली असतात. कुठे टेकडी, कुठे नदी, कुठे किल्ल्याची भिंत. तुमची आठ-दहा माणसं एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला. तुम्ही तुमची माणसं हलवायची, मग तो त्याची हलवणार. गोळीबाराच्या खेळांना लागते तशी बोटांची चपळाई इथे काही कामाची नाही. चहा टाकून या, भारतातला फोन घ्या, चार पोळ्या लाटून या. पडद्यावरचं जग तुमच्या पाळीची वाट बघत थांबलेलं असतं. कान सतत कुकरच्या शिट्ट्यांकडे लागलेल्या बाईसाठीच हा खेळ कुणीतरी बनवला असावा, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं.

पण नुसता विचाराला वेळ हवा असेल तर आपलं बुद्धिबळ काय वाईट होतं? फरक आहे तो प्याद्यात. बुद्धिबळातली आठ प्यादी एका साच्यातली. त्यातलं एक मेलं तर डावाचं नुकसान होतं, पण उद्याच्या डावात ते पुन्हा आपल्या घरात उभं असतं. या खेळांत प्रत्येक प्याद्याला नाव असतं, चेहरा असतो, कुणाला घरची आठवण येते, कुणाचं कुणाशी पटत नाही. लढाईगणिक त्याचा अनुभव वाढतो. आज धड भाला न धरता येणारं पोर महिन्याभरात सरदार होतं. आणि या जातीच्या बऱ्याच जुन्या खेळांत मेला तो मेला, पुढच्या लढाईत तो पटावर मांडता येत नाही. माझ्या मते या खेळांची सगळी ओढ या एका गोष्टीत आहे. म्हणून मला शोधायचं होतं की प्याद्याला हे नाव कुणी दिलं आणि कधी.

सुरुवात आपल्याकडेच होते. छाती फुगवायला म्हणून सांगत नाही, बुद्धिबळाचे बहुतेक अभ्यासक तसं मानतात. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून 'चतुरंग' हे नाव पडलं, आणि सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात त्याचा उल्लेख येतो. पुढे इ.स. १०३० च्या सुमाराला अल्-बिरुनीने भारतातला एक चौघांनी खेळायचा बुद्धिबळाचा प्रकार नोंदवून ठेवला आहे. त्यात फासे टाकून कुठला मोहरा हलवायचा ते ठरायचं. म्हणजे डोकं आणि नशीब यांची जी भेसळ आजच्या व्हिडिओ गेमवाल्यांना आपण शोधली असं वाटतं, ती आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी पटावर होती. माझे वडील सांगलीचे, त्यामुळे बुद्धिबळ आमच्या घरात तिखटामिठासारखं असायचं. त्यांनी मला जी देशी पद्धत शिकवली तिच्यात प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा व्हायचं. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. प्याद्याला काहीतरी होता येतं, एवढी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती. नाव मात्र दिलं नव्हतं.

तेच बुद्धिबळ इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात गेलं आणि तिथे जर्मन लोकांच्या हाती लागलं. १७८० साली ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या प्राध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर निरनिराळ्या रंगांच्या घरांनी जमीन, पाणी, डोंगर दाखवले. मग प्रशियात रायस्विट्झ नावाचे बाप-लेक झाले. बाप सरकारी अधिकारी. त्याने १८१२ मध्ये राजासाठी एक खणांचं टेबल बनवलं, ज्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे मांडून लढाई खेळता येई. मुलगा तोफखान्यात अधिकारी. त्याने घरं काढून टाकली, खरे नकाशे घेतले, प्रत्येक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं असा हिशोब बसवला, आणि कुठल्या माऱ्यात किती माणसं पडतील ते फासे आणि कोष्टकावरून ठरवलं. मध्ये पंच. १८२४ साली हे नियम छापून निघाले. प्रशियाच्या सेनापतींना खेळ इतका पसंत पडला की त्यांनी तो सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी लावला. 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ.

इथे एक मोठी गोष्ट झाली. बुद्धिबळात मोहरा एक तर असतो किंवा नसतो. क्रीगस्पीलमध्ये तुकडीतली थोडी माणसं पडतात, तुकडी कमजोर होते, तरी लढत राहते. मेलेल्यांचा हिशोब पहिल्यांदा पटावर आला. पण हिशोबच. अमुक तुकडीतले इतके वजा.

आता प्रशियातून मिनेसोटात. १८८० साली टॉटन नावाच्या अमेरिकन लेफ्टनंटने 'स्ट्रॅटेगोस' हे युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. १९६०च्या दशकात ते डेव्हिड वेस्ली या इथल्या तरुणाला युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या लायब्ररीत सापडलं. (लायब्ररीत धूळ खात पडलेल्या पुस्तकांचं पुढे असं काही झालेलं वाचलं की मला कोण आनंद होतो म्हणून सांगू!) वेस्ली आणि त्याचे मित्र ट्विन सिटीजमध्ये नेपोलियनच्या काळातल्या लढाया शिशाच्या बाहुल्यांनी खेळायचे. १९६९ साली वेस्लीने 'ब्राउनश्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाभोवती एक डाव मांडला आणि एक वेगळीच गंमत केली. जमलेल्या सगळ्यांना फौजा देण्याऐवजी त्याने काही जणांना एकेक माणूस दिला. तू गावचा नगराध्यक्ष, तू सावकार, तू विद्यार्थ्यांचा पुढारी. आता करा काय करायचं ते! डाव पार विस्कटला, पंचाला कुणाकुणाकडे बघावं ते कळेना, आणि सगळ्यांना तो प्रचंड आवडला. फौजेच्या जागी माणूस आला तो इथे.

त्या मित्रमंडळात डेव्ह आर्नेसन होता. १९७१ मध्ये त्याने सेंट पॉलमधल्या आपल्या आईवडिलांच्या घराच्या बेसमेंटमध्ये 'ब्लॅकमूर' नावाचा डाव सुरू केला. यात डाव एका शनिवारी संपत नसे. गेल्या वेळचाच माणूस घेऊन पुढच्या वेळी यायचं, आणि मधल्या काळात कमावलेला अनुभव त्याच्या खात्यावर जमा. आधीच्या नियमांत फासा उलटा पडला की माणूस एका घावात मरायचा. आर्नेसनने नंतर सांगितलं आहे की खेळणाऱ्यांचा आपल्या माणसात इतका जीव गुंतला की असं पटकन मरणं त्यांना सोसेना. म्हणून त्याने आरमारी लढायांच्या नियमांतून एक कल्पना उचलली. जहाज जसं अनेक तडाखे खाऊन मग बुडतं तसं माणसानेही थोडे घाव सोसावेत. आज जगातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेले 'हिट पॉइंट्स' ते हेच. म्हणजे या खेळांचं जे सगळ्यात कोरडं, आकडेवारीचं अंग वाटतं, त्याच्या मुळाशी माया आहे. मला हे वाचल्यावर कितीतरी वेळ पुढे वाचवेना.

१९७२ च्या नोव्हेंबरात आर्नेसन एका मित्राला घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गेला आणि गॅरी गायगॅक्सला हा खेळ दाखवला. शिकागोला जाता-येता वाट थोडी वाकडी केली की हे तळ्याकाठचं गाव लागतं. आपल्यातले कितीतरी जण उन्हाळ्यात तिथे बोटिंगला गेलेत. दोघांनी मिळून केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ च्या जानेवारीत बाहेर पडला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, खोक्यांत हातांनी भरलेली. पुढे दोघांत पैसा आणि श्रेय यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तो इतिहास कुठल्याही दोन भागीदारांचा असतो तसाच आहे, सोडून देऊ.

मिनेसोटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९७१ सालच्याच डिसेंबरात मिनियापोलिसच्या एका शाळेत डॉन रॉविच नावाच्या शिकाऊ शिक्षकाने इतिहासाच्या तासाला आठवीच्या मुलांसाठी दोन मित्रांकडून 'ऑरेगन ट्रेल' हा कॉम्प्युटरचा खेळ करून घेतला. बैलगाडीतून पश्चिमेला निघालेल्या कुटुंबाचा प्रवास, टेलिटाइपच्या कागदावर छापून येणारा. पुढे १९८५ च्या ॲपलवरच्या आवृत्तीत गाडीतल्या पाचही जणांना नावं द्यायची सोय झाली. इथे वाढलेल्या मुलांना विचारा, सगळ्यांनी वर्गमित्रांची नावं दिलेली असतात आणि सगळ्यांचा कुणी ना कुणी वाटेत हगवणीने मेलेला असतो. हा काही स्ट्रॅटेजीचा खेळ नव्हे, पण नाव दिलं की मरण वेगळं लागतं हे अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला शाळेत कळलं ते त्याच्यामुळे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स कॉम्प्युटरवर उतरायला वेळ लागला नाही. १९८१ साली अमेरिकेत 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले, ते जपानी तरुणांनी डोक्यावर घेतले, आणि १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नंतर रोल-प्लेइंग गेम हा जपानचा घरगुती छंद झाला. त्याच सुमारास तिथे युद्धखेळही होते. निन्टेन्डोसाठी 'इंटेलिजंट सिस्टम्स' या कंपनीने १९८८ मध्ये 'फॅमिकॉम वॉर्स' काढला. त्यात कारखान्यातून रणगाडे आणि शिपायांच्या तुकड्या विकत घ्यायच्या, मेल्या की नव्या घ्यायच्या. झाला चक्क क्रीगस्पील.

त्याच कंपनीत शोझो कागा नावाचा माणूस होता. त्याने पट तोच ठेवला आणि तुकड्यांच्या जागी माणसं आणली. २० एप्रिल १९९० ला जपानात 'फायर एम्ब्लेम' निघाला. राज्य गमावलेला मार्थ नावाचा राजपुत्र आणि त्याच्याबरोबर हळूहळू जमत गेलेली माणसं. ती येतात तशी आपापली कारणं घेऊन येतात. कुणी निष्ठेने, कुणी कर्ज फेडायला, कुणाला शत्रूच्या गोटातून बोलून बोलून वळवावं लागतं. प्रत्येकाचे गुण वाढतात तेही थोडे नशिबावर, त्यामुळे माझा धनुर्धारी आणि तुमचा धनुर्धारी सारखा निघत नाही. सुरुवातीला तुमच्याकडे एकच मातब्बर असतो, जेगन नावाचा म्हातारा घोडेस्वार. तो सगळ्यांना लोळवतो, पण त्याची वाढ खुंटलेली. त्यालाच पुढे करत राहिलात तर पोरांना अनुभव मिळत नाही आणि नंतर पस्तावता. घरात आणि ऑफिसात असे जेगन आपण सगळ्यांनी पाहिलेत. आणि मेला तो मेला, हा नियम तिथून या घराण्यात आला.

हा पहिला खेळ अमेरिकेत आलाच नव्हता. त्याची नव्याने केलेली आवृत्ती २००९ च्या फेब्रुवारीत इथे आली तेव्हा आमचा चिन्मय दहा वर्षांचा होता, आणि त्या उन्हाळ्यात माझे वडील सांगलीहून चार महिने आले होते. बाबांना टीव्ही कळेना, थंडी संपली तरी बाहेर फिरायला फुटपाथ सापडेना. मग ते नातवाच्या शेजारी बसून त्या तळहाताएवढ्या पडद्यात बघायला लागले. चौकोन दिसल्यावर त्यांची कळी खुलली.

"आजोबा, हा गॉर्डिन. हा लांबून मारतो, पण जवळ कुणी आलं की त्याला काहीच करता येत नाही."

"म्हणजे याला पाठीशी घाल ना. तो तुझा चिलखतवाला उभा कर त्या पुलाच्या तोंडावर."

दोन दिवस असं गुण्यागोविंदाने चाललं. तिसऱ्या दिवशी लढाई जिंकत आलेली असताना गॉर्डिन मेला, आणि चिन्मयने मशीनच बंद केलं. पाऊण तासाचा डाव फुकट. आता पहिल्यापासून.

बाबा चिडले. "जिंकत होतास की! एका प्याद्यासाठी डाव मोडतोस?"

"तो प्यादं नाहीये, आजोबा. तो गॉर्डिन आहे."

बाबांच्या लेखी ही सरळसरळ लबाडी होती. हात लावला की मोहरा हललाच पाहिजे, खेळी मागे घ्यायची नाही, आणि राजा वाचत असेल तर वजीरसुद्धा खुशाल द्यावा, या शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं. चिन्मयचं म्हणणं असं की सगळ्यांना घरी परत न्यायचं नसेल तर जिंकून काय उपयोग. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मी मध्ये पडले नाही. हा वाद त्यांच्याच घरात चालला होता असंही नाही. फायर एम्ब्लेम खेळणारे लोक तीस वर्षं हाच वाद घालत आले आहेत. मेलेल्याला सोडून पुढे जावं, की लढाई पुन्हा मांडावी? चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी मला विचारलं, "त्या गॉर्डिनचं काय झालं गं, पूल ओलांडला का त्याने?"

माणसांना नावं मिळाली, आता त्यांना गोष्ट हवी होती. ती यासुमी मात्सुनो या दिग्दर्शकाने दिली. त्याचा 'टॅक्टिक्स ओगर' हा खेळ १९९५ साली जपानात आला. त्या वेळी युगोस्लाव्हिया फुटून बोस्नियात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारणं चाललं होतं, आणि त्या बातम्यांचा परिणाम आपल्या कथेवर झाल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तुमचाच सरदार तुम्हाला आपल्याच लोकांचं एक गाव कापून काढायला सांगतो. आळ शत्रूवर टाकायचा, म्हणजे बाकीची जनता पेटून उठेल. हुकूम पाळायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि त्यानुसार पुढची सगळी कथा वेगळ्या वाटेने जाते. गंमत म्हणजे, नाही म्हणणारा लगेच पुण्यवान ठरत नाही. त्याच्यावरच त्या कत्तलीचा आळ येतो.

मग मात्सुनो स्क्वेअर कंपनीत गेला आणि त्याने 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' केला. जपानात जून १९९७, अमेरिकेत जानेवारी १९९८. माझी आणि या खेळांची ओळख झाली ती इथे. मी ऑक्टोबर ९७ मध्ये इकडे आले होते, एच-फोर व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर उणे वीस. ह्यांच्या ऑफिसातला एकजण दोन महिन्यांसाठी भारतात गेला आणि जाताना त्याचं प्लेस्टेशन आमच्याकडे ठेवून गेला. डब्यात हीच एक सीडी होती. ते फेब्रुवारी-मार्च मी इव्हालिस नावाच्या देशात काढले.

खेळ सुरू होतो तो एका इतिहासकारापासून. घडलेल्या गोष्टींना चारशे वर्षं झाली आहेत. पाठ्यपुस्तकात लिहिलं आहे की यादवी युद्ध मिटवून डेलिटा नावाचा सामान्य घरातला तरुण राजा झाला, तो युगपुरुष. त्याचा बालमित्र रामझा याचं नाव कुठेच नाही, असलंच तर पाखंडी म्हणून. पण इतिहासकाराच्या हाती एका पूर्वजाची कागदपत्रं लागली आहेत, जी धर्मपीठाने दडपून ठेवली होती आणि जी लिहिणाऱ्याला जिवंत जाळलं होतं. त्या कागदांत वेगळंच काही आहे. मंडळी, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांच्या गोष्टी ऐकत मी एम.ए. झाले होते. दप्तरं, कागद, वाड्यांच्या माळ्यावरची रुमालात बांधलेली बाडं. परक्या देशात, बर्फाने बंद झालेल्या अपार्टमेंटमध्ये, एका जपानी खेळाने मला माझ्या विषयाबद्दल काहीतरी सांगावं, याचं मला फार नवल वाटलं. इंग्रजी भाषांतर मात्र इतकं वाकडंतिकडं होतं की काही संवाद मी पुन्हा पुन्हा वाचूनही आजवर कळलेले नाहीत.

कथा इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धांवर बेतलेली आहे, पण ती सुरू होते पगार थकलेल्या सैनिकांपासून. पन्नास वर्षं चाललेली लढाई हरल्यावर राज्याने सामान्य शिपायांना काही न देता घरी पाठवलं, ते दरोडेखोर झाले, आणि त्यांना मारायला तुम्हाला पाठवलं जातं. आपल्याकडे सरदाराच्या दारात थकलेल्या पगारासाठी धरणं धरून बसणारे शिपाई मी अभ्यासले होते, त्यामुळे पहिल्या तासातच माझी सहानुभूती चुकीच्या बाजूला गेली. थोड्याच वेळात डेलिटाची धाकटी बहीण शत्रूने ओलीस धरलेली असताना आपल्याच पक्षाचा माणूस तिला बाण मारतो. उमरावाची मुलगी असती तर मारला नसता. तिथून डेलिटा ठरवतो की पुन्हा कधी प्यादं व्हायचं नाही, आणि पुढे आयुष्यभर इतरांना प्यादी करत राजा होतो. (खेळायचा असेल त्यांनी हे विसरून जावं.)

पट कसा आहे तेही सांगते, कारण नुसत्या कथेवर कुणी साठ-सत्तर तास बसत नाही. घरांना उंची आहे. छपरावरच्या धनुर्धाऱ्याचा बाण लांब जातो. पाठीमागून केलेला वार चुकवणं कठीण. पाळी सगळ्यांची एकदम येत नाही, ज्याची चपळाई जास्त त्याची आधी. मोठा मंत्र म्हणायला वेळ लागतो, तोवर शत्रू घर सोडून निघून गेला तर मंत्र रिकाम्या जागी पडतो. शिवाय प्रत्येकाला जन्मतारीख आणि रास आहे, आणि राशी जुळल्या नाहीत तर मलमपट्टीसुद्धा नीट लागू पडत नाही! पत्रिका बघणाऱ्या आमच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जपानी लोक शहाणे आहेत.

गावातल्या भरती कचेरीत नवे शिपाई मिळत, आणि त्यांना आपण नाव देऊ शकतो. माझ्या फौजेत बाजी, हिरोजी, येसाजी होते आणि हिरकणी नावाची धनुर्धारी होती. या खेळात माणूस पडला की त्याच्या डोक्यावर तीनचा आकडा येतो. त्याच्या तीन पाळ्या संपायच्या आत कुणी पोचून त्याला उठवलं तर वाचला. एका डोंगरी किल्ल्याच्या लढाईत येसाजी पडला, आणि मध्ये भिंत होती. तीन, दोन, एक. त्याच्या जागी एक स्फटिक उरला. हिरकणीला तिथे नेऊन तो उचलला की मेलेल्याची काही विद्या तिला येते, एवढी सोय खेळाने ठेवली आहे. मी लढाई पुन्हा मांडली नाही. हे संध्याकाळी घरी आले तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता, आणि का झालेला नाही हे सांगताना माझा आवाज जड झाला. ह्यांनी काही न विचारता खिचडी टाकली.

त्या रात्री मला पानिपतची बातमी आठवत होती. १७६१ चा तो सावकारी निरोप आपण सगळ्यांनी शाळेत शिकलो आहोत: दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, काही मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि खाली चांदी-तांब्याचा खुर्दा गेला त्याची मोजदादच नाही. मोहरा हा शब्द आपण नाण्यालाही वापरतो आणि पटावरच्या सोंगटीलाही. एम.ए.ला असताना त्या निरोपातल्या मोत्यांवर आणि मोहरांवर आम्ही प्रश्नोत्तरं लिहिली होती. खुर्द्यावर प्रश्न आल्याचं मला आठवत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. ब्रिटनमध्ये या घराण्याची सरळ दुसरी शाखाही होती. १९९४ च्या 'एक्स-कॉम'मध्ये परग्रहवासीयांशी लढणाऱ्या शिपायांना लोक आपल्या मित्रांची नावं द्यायचे, आणि २०१२ च्या नव्या अवतारात तळावर एक स्मारकाची भिंतच आहे, जिच्यावर पडलेल्या प्रत्येकाचं नाव येतं. फायर एम्ब्लेम इथे प्रथम २००३ मध्ये आला. २०१० च्या एका जपानी भागापासून त्यात पडलेला माणूस पुढच्या लढाईत परत येईल अशी सौम्य पद्धतही निवडता येऊ लागली. २०१२-१३ च्या 'अवेकनिंग'ने ती जगभर नेली आणि मालिकेला पुष्कळ नवे खेळाडू मिळवून दिले. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. माझं मत विचाराल तर सौम्य पद्धतीने खेळणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मी स्वतः कधी तशी खेळलेले नाही. टॅक्टिक्स ओगर २०२२ मध्ये नव्या रूपात आला. बाबा त्याआधीच गेले. त्यांच्या सांगलीच्या कपाटात प्रवासी बुद्धिबळाच्या डब्यात एक कागद निघाला, त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात मार्थ, जेगन, एबल, केन, गॉर्डिन अशी यादी होती, पुढे कोण किती घरं चालतो ते आकडे.

आणि ३० सप्टेंबर २०२५ ला फायनल फँटसी टॅक्टिक्सची नवी आवृत्ती आली. चिन्मय आता सिअॅटलला असतो. त्याने तिकडे घेतली, मी इकडे, आणि रविवारी फोनवर कुणाची फौज कुठवर पोचली याच्या गप्पा होतात. भाषांतर आता उत्तम आहे आणि पात्रं बोलतात. पण माझ्यातल्या लायब्ररीवालीला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही आवृत्ती करायला बसले तेव्हा करणाऱ्यांच्या लक्षात आलं की १९९७ च्या मूळ खेळाचा सोर्स कोड कंपनीकडे उरलेलाच नाही. बाजारात गेलेला खेळ समोर ठेवून, तो नीट तपासून त्यांना सगळं नव्याने जुळवावं लागलं. दडपलेल्या कागदपत्रांवर आख्खी कथा रचणाऱ्या खेळाचं स्वतःचं दप्तरच गहाळ! राजवाडे असते तर त्यांनी कंपनीला कसलं झणझणीत पत्र लिहिलं असतं, याची कल्पना करत मी त्या दिवशी भरती कचेरीत गेले आणि पहिल्या शिपायाचं नाव येसाजी ठेवलं.